चार वर्षांच्या मुलीचा बेसबॉल

आज एका परक्या खेळाविषयी चार शब्द सांगणार आहे. "आम्हांला काय करायचंय बेसबॉलशी?" असे तुमच्यापैकी कुणी म्हणेल, आणि ते म्हणणे रास्त आहे. परंतु हल्ली तालुक्याच्या गावीच काय, लहान खेड्यातही कुणाचा मुलगा, कुणाची भाची अमेरिकेत असते. रविवारी सकाळी मोबाईलवर तिकडची नातवंडे दिसतात, आणि तिकडचे प्रश्न इकडे आपल्या ओसरीवर येऊन बसतात. माझ्या ओसरीवर असाच एक प्रश्न 2023 च्या उन्हाळ्यात आला.

माझा मुलगा न्यू जर्सी राज्यात नोकरीला आहे. त्याची मुलगी, म्हणजे माझी नात, तेव्हा चार वर्षांची होती. शाळेत जायला अजून वर्षभर अवकाश होता. मुलगा म्हणाला, "अण्णा, हिला बेसबॉलला घालायचं म्हणतोय. इथं आसपास दोन-तीन लीग आहेत. कुठली घेऊ?" मी चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे. शाळा कोणती घ्यावी हे मी सांगू शकलो असतो. लीग म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हते. त्या सप्टेंबरात आम्ही दोघे तिकडे गेलो, सहा महिने राहिलो. तेवढ्या अवधीत जे पाहिले, जे विचारले आणि जिथे चुकलो, ते तुम्हांला सांगतो. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांना ते सरळच उपयोगी पडेल. ज्या गुरुजींना आणि बाईंना खेळाचा तास घ्यावा लागतो, त्यांनाही त्यात थोडे आपले दिसेल.

प्रथम खेळ समजून घेऊ. मैदानावर चौकोन आखतात, पण तो कोपऱ्यावर उभा केलेला, शंकरपाळ्यासारखा. चार कोपऱ्यांवर चार ठिकाणे असतात, त्यांना बेस म्हणतात. एका कोपऱ्यावर फलंदाज उभा राहतो. त्याच्या हातातला दांडा क्रिकेटच्या बॅटीसारखा चपटा नसतो, मुसळासारखा गोल असतो. समोरून गोलंदाज चेंडू फेकतो, तो टप्पा न पडता थेट येतो. फलंदाजाने तो मारला की दांडा टाकून पळायचे: पहिला बेस, दुसरा, तिसरा आणि पुन्हा घरी. घरी पोचला की एक धाव. समोरच्या संघाचे नऊ जण एका हातात चामड्याचा मोठा हातमोजा घालून चेंडू अडवतात. खाचाखोचा पुष्कळ आहेत, आपल्याला इतके पुरे.

मोठ्या माणसांच्या मैदानावर एका बेसपासून दुसरा बेस 90 फुटांवर असतो आणि गोलंदाज 60 फूट 6 इंचांवरून चेंडू टाकतो. दहा वर्षांच्या पोराने तेवढे अंतर कसे पळावे? हा विचार पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट या गावच्या कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थाने नात्यातल्या दोन मुलांशी खेळता खेळता केला. मोठ्यांचे मैदान लहानांना देण्याऐवजी त्याने मैदानच लहान केले. त्यांच्या मैदानावर दोन बेसमधले अंतर 60 फूट असते. तीन संघ उभे राहिले आणि 6 जून 1939 रोजी पहिला सामना झाला. लाकडाच्या कंपनीच्या मदतीवर उभा राहिलेला संघ दुधाच्या डेअरीच्या संघाशी खेळला आणि 23-8 असा जिंकला. हीच ती लिटल लीग. आज तिच्या शाखा पुष्कळ देशांत आहेत, आणि दर ऑगस्टमध्ये विल्यम्सपोर्टला होणारे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवतात.

दुसरी संस्था पोनी. ती 1951 साली पेनसिल्व्हेनियातच, वॉशिंग्टन नावाच्या गावी निघाली. (राजधानीचे वॉशिंग्टन निराळे.) कारण असे की, तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला 60 फुटांवरून एकदम 90 फुटांवर उडी मारावी लागे, मधली पायरीच नव्हती. पुढे या संस्थेने खालच्या वयांसाठीही पायऱ्या केल्या आणि त्यांना घोड्यांची नावे दिली. अगदी धाकटे ते शेटलंड, म्हणजे बुटक्या जातीचे तट्टू. मग पिंटो, मस्टँग, ब्रॉन्को असे चढत जायचे. त्याच वर्षी न्यू जर्सीत सुरू झालेल्या संस्थेला पुढे बेब रूथ या प्रसिद्ध खेळाडूचे नाव मिळाले. तिच्या लहान मुलांच्या शाखेला कॅल रिपकेन या नावाने ओळखतात. यांखेरीज नगरपालिकेच्या क्रीडा विभागाचे वर्ग असतात, वायएमसीएचे असतात आणि आपल्याकडच्या क्लासांसारख्या खासगी अकादम्याही असतात.

आता यात एक गोम आहे, ती आमच्या उशिरा ध्यानात आली. टोपीवर नाव मोठ्या संस्थेचे असले, तरी मैदानावरचा कारभार त्या गावातले आईबापच चालवतात. शिकवणारा पगारी नसतो. तो कुणाचा तरी बाप असतो, नाही तर कुणाची आई असते. त्यामुळे एकाच नावाच्या दोन लीग शेजारच्या दोन गावांत अगदी निराळ्या असू शकतात. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या सगळ्या शाळांची पाटी सारखीच असते, पण वर्ग कसा चालतो हे त्या वर्गावरच्या बाईंवर असते, तसेच हे. नावावरून लीग निवडणे म्हणजे पाटीवरून शाळा निवडणे.

आणि आम्ही नेमके तेच केले. मुलाने सर्वांत मोठ्या नावाची, सर्वांत झोकदार टोपीची लीग निवडली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिकडे थंडी पडायच्या आधीचा एक छोटा हंगाम असतो, त्यात नातीचे नाव घातले. ती लीग कोणती हे सांगत नाही. दोष नावाचा नव्हता.

चार-पाच वर्षांच्या मुलांचा जो खेळ असतो त्याला टी-बॉल म्हणतात. टी म्हणजे रबराची एक उभी नळी, समईएवढ्या उंचीची. तिच्या टोकावर चेंडू ठेवतात आणि मूल तो उभा चेंडू मारते. हे का? तुमच्या घरातल्या चार वर्षांच्या मुलाकडे हळूच चेंडू टाकून पाहा. चेंडू छातीला लागून खाली पडतो आणि मग दोन्ही हात टाळी वाजवल्यासारखे जवळ येतात. मूल आळशी नसते. हलत्या वस्तूमागे डोळा नेणे, ती कुठे येईल याचा अंदाज करणे आणि त्या वेळी हात तिथे नेणे, ही तीन कामे जुळायला त्या वयात अवकाश असतो. म्हणून त्यातले एक काम काढून टाकले, चेंडू थांबवून ठेवला. माझ्या मते बेसबॉलच्या लोकांनी लहान मुलांसाठी जे काही केले, त्यात ही रबराची नळी सर्वांत शहाणपणाची.

पहिल्या शनिवारी आम्ही सहकुटुंब गेलो. दव पडलेले होते. बारा मुले, अंगात गुडघ्यापर्यंत येणारे सदरे, डोक्यावर शिरस्त्राण, जणू मशरूम चालत निघाले होते. मोठी मौज वाटली. दुसऱ्या शनिवारी मौज थोडी कमी वाटली. तिसऱ्या शनिवारी नात मैदानात मातीत बसून बोटाने रेघोट्या काढत होती. चेंडू तिच्या शेजारून गेला. माझा मुलगा कुंपणाबाहेरून ओरडला, "अगं बॉल! बॉल बघ!" तिने मान वर करून बापाकडे पाहिले, चेंडूकडे नाही. गाडीत ती म्हणाली, "मला बॉल देतच नाहीत." पुढच्या शनिवारी तिने बूट घालायला नकार दिला.

घरात वाद झाला. मुलगा म्हणाला, "पैसे भरलेत. अजून चार शनिवार आहेत. आत्ताच सोडायची सवय लागली तर पुढं काय?" सूनबाई म्हणाली, "पैसे भरले म्हणून ती शिकणार आहे का?" दोन दिवस त्या घरात भांड्यांचा तेवढा आवाज होता. मी पाहुणा, माझे तोंड बंद. शेवटी नातीला बूट घातलेच, मी तिच्याबरोबर गेलो, आणि मास्तरकीची जुनी सवय म्हणून एक गोष्ट केली. डाव्या खिशात एक-एक सेंटची नाणी घेतली. नातीचा चेंडूला हात लागला, किंवा दांडा लागला, की एक नाणे उजव्या खिशात टाकायचे. तासाभराने घरी येऊन उजवा खिसा रिकामा केला. चार नाणी निघाली.

ती चारच का, याचा हिशोब कागदावर मांडून मुलाला दाखवला. बारा मुलांचा संघ. प्रत्येक डावात सगळ्यांनी एकेकदा मारायचे. एका मुलाला आणून उभे करायचे, दांडा नीट धरवायचा, दोन-तीनदा हुकल्यावर चेंडू लागायचा, मग ते पळणार. यात दोन मिनिटे जातात. बारा मुलांना चोवीस मिनिटे. समोरच्या संघाचे तेवढेच. म्हणजे एका तासात एका मुलाची मारायची पाळी जेमतेम एकदा, फार तर दोनदा. उरलेला वेळ ते मैदानात उभे. तिथे चेंडू एक आणि पोरे बारा. जी दोन चपळ पोरे असतात ती प्रत्येक चेंडूवर झेप घालतात; बाकीची दहा मातीत रेघोट्या काढतात. माझी नात आळशी नव्हती, हट्टी नव्हती. तिला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे नुसते उभे केले होते. तुम्ही-आम्ही तरी उभे राहिलो असतो का?

मुलगा काही बोलला नाही. तो स्वतः माझ्याच शाळेतल्या क्रिकेटच्या अकरांपैकी एक. आणि इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या शाळेत चेंडू एकच असे. खेळाच्या तासाला मी चांगली खेळणारी पोरे निवडी, उरलेली कडेला बसत. मुली लिंबाच्या झाडाखाली. स्पर्धेत आमची शाळा केंद्रात पहिली येई आणि त्याचा मला अभिमान होता. निवृत्त झाल्यावर एकदा एसटीत एक विद्यार्थिनी भेटली, आता तिचीच मुलगी दहावीला आहे. नमस्कार करून हसत म्हणाली, "गुरुजी, चौथीपर्यंत माझ्या हातात चेंडू कधी आला नाही. मी पोरांच्या चपला राखायची." ती सहज बोलली, तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण सेंटची ती चार नाणी टेबलावर पडली तेव्हा मला ती एसटीतली बाई आठवली.

त्यानंतरच्या दोन शनिवारी मी मुलाला घेऊन शेजारच्या दुसऱ्या मैदानावर गेलो. नाव नोंदवायचे नव्हते, नुसते पाहायचे. शिकवणाऱ्या बाई पेशाने परिचारिका होत्या. त्यांच्याकडेही बाराच मुले, मैदानही फार चांगले नव्हते. पण त्यांनी मुलांचे चार-चारांचे तीन गट केले होते आणि प्रत्येक गटामागे एक मोठे माणूस. कुणाचा बाप, कुणाची आजी. एक गट टीवरचा चेंडू जाळीत मारत होता. दुसरा गट भिंतीवर काढलेल्या अस्वलाच्या तोंडात चेंडू फेकत होता. तिसरा गट बेस ते बेस पळत होता आणि वाटेत पडलेला चेंडू उचलून बादलीत टाकत होता. दहा मिनिटांनी शिट्टी, गट पुढे सरकले. अर्ध्या तासानंतर अर्धा तास खोटाखोटा सामना. धावा कुणी लिहीत नव्हते, बाद होणे नव्हते, आणि शेवटचे मूल मारायला आले की सगळ्यांनी मिळून घरापर्यंत पळायचे.

मी लाल टोपीची एक मुलगी हेरली आणि तिची नाणी मोजली. एकतीस झाली. मुलाने स्वतः दुसऱ्या एका पोराची मोजली, ती अठ्ठावीस. गाडीत बसल्यावर तो इतकेच म्हणाला, "अण्णा, कुंपणाशी कुणी ओरडत नव्हतं, बघितलंत?" ते मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

म्हणून माझे सांगणे असे. तुमची मुले तिकडून विचारतील, "लीग कुठली घेऊ?" तर त्यांना म्हणा, "आधी एक शनिवार नुसतं बघून या, आणि सगळ्यांत धाकट्या पोरांचाच खेळ बघा." लीगचे लोक बारा वर्षांच्या मुलांचे करंडक दाखवतील. त्याचा चार वर्षांच्या मुलाशी काही संबंध नाही. एक मूल धरा आणि त्याचा चेंडूला हात किती वेळा लागतो ते मोजा. एका मोठ्या माणसामागे मुले किती, हे विचारा. चारापर्यंत असली तर छान. बारांमागे एकच बाप धावपळ करत असला, तर तो कितीही सज्जन असो, त्याच्या हातून ते होणार नाही.

दुसरी गोष्ट इजेची. या वयात चेंडूपेक्षा दांड्याचे भय अधिक. मूल मागे न पाहता दांडा फिरवते आणि मागचे पोर कपाळमोक्ष करून घेते. लिटल लीगमध्ये लहान गटांना असा नियमच आहे की, पाळीची वाट पाहणाऱ्याने दांडा फिरवत उभे राहायचे नाही. ज्याची पाळी असेल त्याच्याच हातात दांडा. शिवाय मारणाऱ्याच्या आणि पळणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण हवेच. चेंडूही पाहावा. खरा बेसबॉल वजनाला 142 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून थोडा हलका, पण टणक. धाकट्यांसाठी आत मऊ गाभा असलेला चेंडू मिळतो. तो वापरतात की नाही, हे हाताने दाबून पाहावे. विचारायला लाज कसली?

आणखी एक विचारावे, जे आपल्याकडची माणसे संकोचाने विचारत नाहीत. मुलांबरोबर जी मोठी माणसे मैदानात असतात, त्यांची पूर्वचौकशी झाली आहे का? लिटल लीगच्या नियमाप्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या स्वयंसेवकांची दर वर्षी अशी तपासणी करावी लागते. इतरांकडे काय पद्धत आहे ते विचारले, तर चांगली लीग रागावत नाही, उलट कागद दाखवते.

मुलगी असेल तर तिला घेतात का? घेतात, आणि टी-बॉलला मुलेमुली एकत्रच खेळतात. पण हे फुकट मिळालेले नाही, आणि जे झाले ते आमच्या मुलाच्या राज्यातच झाले. 1972 साली न्यू जर्सीतील होबोकेन गावात मारिया पेपे नावाची मुलगी लिटल लीगच्या संघात खेळत होती. तीन सामने झाल्यावर, नियमात मुली बसत नाहीत म्हणून तिला बाहेर काढले. प्रकरण राज्याच्या नागरी हक्क विभागापुढे गेले आणि सिल्व्हिया प्रेसलर या बाईंनी मुलींच्या बाजूने निकाल दिला. 1974 साली लिटल लीगने नियम बदलला. तोवर मारियाचे वय निघून गेले होते. ती काही पुन्हा खेळू शकली नाही. मोठेपणी मुलींना बहुधा सॉफ्टबॉलकडे वळवतात. त्यात चेंडू मोठा असतो आणि गोलंदाज हात खालून फिरवून टाकतो. आपल्याकडे शालेय क्रीडास्पर्धांत हे दोन्ही खेळ आहेत. चार वर्षांच्या मुलीबाबत हा प्रश्न आत्ताच सोडवायची गरज नाही.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. प्रवेशशुल्क असते, त्यात बहुधा सदरा आणि टोपी येते. ते शुल्क तुम्हांला दिसते. न दिसणारे निराळेच. काही लीगमध्ये आईबापांना खाद्यपदार्थांच्या खिडकीवर पाळी करावी लागते, मैदान झाडावे लागते, सोडतीची तिकिटे खपवावी लागतात, आणि पाळी चुकवली तर ठेव बुडते. मला हे मुळीच वाईट वाटले नाही. आपल्या उरुसाची वर्गणी आणि श्रमदान यांच्याच जातीचे ते आहे. फक्त दोघेही नोकरी करणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. आपले राहते घर किंवा मुलाची शाळा कोणत्या हद्दीत येते, त्यावरही काही ठिकाणी प्रवेश ठरतो. वय मोजायची तारीख संस्थेगणिक निराळी असते, तेव्हा एकीकडे चारचे ठरलेले मूल दुसरीकडे पाचचे ठरू शकते. वसंतातल्या हंगामाची नोंदणी थंडीतच, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास होते; एप्रिलमध्ये जागे झालेल्यांना जागा मिळत नाही.

साहित्य भारी घेऊ नये. हातमोजा मऊ आणि लहान हवा, कारण नवे कडक चामडे चार वर्षांच्या हाताने मिटतच नाही. आणि तो ज्या हाताने फेकायचे त्यात नव्हे, दुसऱ्या हातात घालायचा. उजवखोऱ्या पोराला डाव्या हातात. आम्ही क्रिकेटवाल्यांनी दुकानात अर्धा तास यावरच घातला. टी-बॉलच्या लहान दांड्यांवर, ते टी-बॉलच्या ठरावीक चेंडूंसाठीच आहेत, असे छापलेले असते. त्याने खरा टणक चेंडू मारू नये. अकादमीची गोष्ट निघाली तर मी स्पष्टच सांगतो: या वयाच्या मुलासाठी महिन्याला पैसे भरून 'तंत्र' शिकवणे मला पटत नाही. तिथे मुलापेक्षा बापाचे समाधान अधिक होते.

आणि हो, यंदा नकोच असे म्हणणे, हीसुद्धा एक निवड आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मत असे की, नियमबद्ध सांघिक खेळासाठी बहुतेक मुले सहाव्या वर्षाच्या सुमारास तयार होतात. त्याआधी पळणे, लोळणे, फेकणे, लटकणे हाच खेळ. एक वर्ष थांबल्याने कुणाचे काही बुडत नाही. आमच्या घरी सूनबाईचा कौल थांबण्याकडेच होता. पण नातीलाच विचारले तेव्हा ती म्हणाली, "अस्वलाच्या तोंडात बॉल टाकायचा असेल तर येते." मग जानेवारीत त्या परिचारिका बाईंच्या लीगमध्ये नाव घातले. आम्ही मार्चमध्ये परतलो. एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी मोबाईलवर ती टोपी घालून बसली होती. मी सवयीने विचारले, "किती धावा झाल्या गं?" ती म्हणाली, "ते नाही मोजत, आबा."

आता इथल्या गुरुजी-बाईंसाठी. अंगणवाडीत किंवा पहिलीत ही टी करायला दमडी लागत नाही. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घ्या, निम्मा वाळूने भरा, त्याच्या तोंडात ठिबकच्या जाड नळीचा तुकडा घट्ट बसवा. नळी मुलाच्या कमरेएवढी उंच ठेवा. चेंडू चिंध्यांचा, जुन्या मोज्यात भरून शिवलेला. तो नळीच्या टोकावर बसेल इतपत मोठा हवा. दांडा म्हणून घट्ट गुंडाळलेल्या वर्तमानपत्राची सुरळी पुरते, ती कुणाला लागली तरी इजा होत नाही. टी एक करू नका, चार मुलांमागे एक करा. मारणाऱ्याच्या मागे चुन्याने रेघ ओढा, बाकीच्यांनी रेघेपलीकडे थांबायचे. आणि तुमच्या खिशात मूठभर चिंचोके ठेवा. दर तासाला एकच मूल मोजा, पण ते चपळ मूल नको. जे कडेला उभे राहते ते धरा. चिंचोके दहाच्या खाली आले तर गट लहान करा किंवा चेंडू वाढवा. मोज्यातला चेंडू दोन-तीन आठवड्यांत दबून टणक होतो. तेव्हा उसवून चिंध्या सैल भराव्या आणि पुन्हा शिवावा.